किल्ली घरातच होती

काकूंनी दोन्ही किल्ल्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. एकीला लाल गोंडा, दुसरी अजून शोरूमच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच. "बघ बाबा, एकही हरवली नाही, कुणाच्या हातात दिली नाही. मग गाडी गेली कशी? आणि तो अलार्म का नाही वाजला? तूच दुरुस्त केला होतास ना?"

हो, मीच केला होता. दोन महिन्यांपूर्वी त्यांची गाडी रात्री-अपरात्री आपोआप बोंबलायला लागली होती. शेजारी कावले होते, काकू म्हणत होत्या, "बंदच करून टाक." मी बंद केला नाही. बॉनेटच्या कडेला दाबाचा एक छोटा स्विच असतो, बोटाच्या पेरापेक्षा मोठा नाही. त्यावरची रबरी टोपी चिरली होती, आत पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या होत्या. मधूनच कनेक्शन तुटलं की अलार्मला वाटायचं, बॉनेट उघडलं. स्विच बदलला, धक्क्याच्या सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी उतरवली, काम झालं. विनाकारण वाजणाऱ्या दहा अलार्मपैकी निम्म्यांचं कारण मला असल्याच एखाद्या स्विचमध्ये किंवा अशक्त बॅटरीत सापडतं. सायरन मात्र क्वचितच बिघडलेला असतो.

म्हणजे अलार्म ठणठणीत होता. तरी वाजला नाही, कारण गाडीच्या लेखी चोरी झालीच नव्हती. मालकीण किल्ली घेऊन आली, दार उघडलं, बटण दाबलं, निघाली, एवढंच तिला कळलं.

हे काकूंना समजावायला मला अर्धा तास लागला. जी किल्ली खिशातून काढावीच लागत नाही (हीच 'कीलेस' सोय), तिचं काम असं चालतं. हँडलला हात लागला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, एक हाक मारते. ती हाक मुद्दाम तोकडी ठेवलेली असते, फार तर मीटर-दोन मीटर पोचेल अशी. किल्लीला ती ऐकू आली तर ती ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते (काही देशांत ३१५). हे उत्तर दर वेळी वेगळं असतं आणि सांकेतिक असतं, ते सहजासहजी कुणाला बनवता येत नाही. पण चोराला ते बनवायचंच नसतं. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा पेटीत किंवा पिशवीत अँटेना घेऊन घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिला उचलतो, दुसरा ती दाराआडच्या किल्लीपर्यंत पोचवतो. किल्लीला वाटतं गाडी शेजारीच आहे, ती खरंखुरं उत्तर देते. ना कुलूप फुटत, ना कोड फुटत. फक्त अंतर खोटं ठरतं.

एकदा इंजिन चालू झालं की किल्ली लांब गेली म्हणून गाडी बंद पडत नाही, आणि पडूही नये. भर रस्त्यात इंजिन बंद पडणं जिवावर बेतेल. डॅशबोर्डवर इशारा येतो, एवढंच.

हे काही कालचं गुपित नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासली आणि दहाच्या दहा अशीच उघडून चालू करून दाखवली. त्यानंतरही वर्षानुवर्षं तशाच किल्ल्या विकल्या गेल्या, याचा मला राग आहे. आणि जिची गाडी जाते तिलाच विचारतात, "किल्ली कुणाला दिली होती, नीट आठवा." क्लेमच्या चौकशीला आलेल्या माणसानं काकूंना हे तीनदा विचारलं होतं. गाडीपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं.

आवाज करणाऱ्या वस्तूंपेक्षा मला मुकाट काम करणारा इमोबिलायझर जवळचा. किल्लीतली चिप ओळखू आली नाही तर इंजिन चालूच होत नाही. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये तो १९९८ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, आणि २०२२ च्या सुमारास तिथे इमोबिलायझर नसलेल्या गाड्या स्टिअरिंगखालचं कव्हर काढून, यूएसबी केबलच्या टोकानं इग्निशन फिरवून पळवल्या गेल्या. पण खरी किल्लीच लांबून उत्तर देत असेल, तर इमोबिलायझर तरी काय करणार?

म्हणून किल्लीचा आवाज कोंडायचा. आत धातूचं अस्तर असलेला पाऊच मिळतो, त्यात ठेवायची. दुसरी किल्लीसुद्धा, कपाटातली. लोक हीच विसरतात. काही नव्या किल्ल्या काही मिनिटं हलल्या नाहीत तर झोपी जातात, हे चांगलं आहे. त्याहून नव्या यूडब्ल्यूबीवाल्या (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओच्या) किल्ल्या सिग्नलला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, रेडिओ लहर ३० सेंटिमीटरच जाते, त्यामुळे लांबून आलेलं उत्तर उशिरा पोचतं आणि पकडलं जातं. बऱ्याच गाड्यांत कीलेस सेटिंगमधून बंद करता येतं. मग बटण दाबून उघडायचं. बटण दाबल्याशिवाय किल्ली बोलतच नाही.

आणि स्टिअरिंगला लोखंडी लॉक लावा. २०२३ मध्ये हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरून गाडी नेण्याची पद्धत उघड झाली. तिथे पाऊच कामाचा नाही. लोखंड कापायला वेळ लागतो आणि ते कापताना लोकांना दिसतं.

काकूंना मी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं: दोन्ही किल्ल्या घरात असताना गाडी कशी जाऊ शकते. तो त्यांनी क्लेमच्या फाइलला जोडला. काही महिने गेले, पण क्लेम मंजूर झाला.

नवी गाडी घेतल्यावर त्या आल्या. मी पाऊच दिला आणि म्हटलं, "काकू, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा." घड्यांवर अस्तर झिजतं, म्हणून ही तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी करावीच लागते. त्यांनी किल्ली आत टाकली, झाकण दोनदा दुमडलं, गाडीला खेटून उभ्या राहिल्या आणि हँडल ओढलं. उघडलं नाही. किल्ली बाहेर काढली, पुन्हा ओढलं. उघडलं.

मग पर्समधून त्यांनी दुसरी किल्ली काढली आणि सगळं पहिल्यापासून केलं.