तिचा उजवा हात

रात्री अकराला फोन आला. "पेशंटला ऐकू येत नाही आणि फार आरडाओरडा चाललाय." मी सांकेतिक भाषेची दुभाषी. निरोप बहुधा असाच येतो.

पोचले तर ती पलंगावर अर्धवट बसलेली. डाव्या हाताला सलाइन. उजव्या तर्जनीला ऑक्सिमीटरची क्लिप, आणि आकडा हलू नये म्हणून नर्सने तो हात गादीवर दाबून धरलेला. म्हणजे बाईचं तोंडच दाबलं होतं. उरला चेहरा. आमच्या भाषेत बरंच व्याकरण चेहऱ्यावर असतं, भुवया उंचावल्या की प्रश्न होतो. केसपेपरवर मात्र लिहिलं होतं, 'अतिशय घाबरलेली, सहकार्य करत नाही.'

डॉक्टर विचारत होते तिच्या भावाला. त्याला खुणा जेमतेम येत होत्या. पण त्याला ऐकू येतं आणि तो पुरुष आहे, एवढं पुरेसं होतं.

"हात सोडा, तिला बोलायचंय," मी म्हटलं. एवढं माझ्या कामात बसतं. पुढे स्वतःचं मत घालायचं नाही, हा आमचा नियम.

क्लिपसकट ती भराभर बोलू लागली आणि मी बोलून दाखवू लागले. "मी घाबरलेली नाही. श्वास पुरत नाहीये. माझं कातडं काळं आहे, हे मशीन त्यावर चुकतं. रक्त काढून बघा." दुभाषी नेहमी 'मी'च म्हणते. 'माझं कातडं काळं' म्हणाले तेव्हा डॉक्टरांची नजर माझ्या गोऱ्या मनगटावर गेली.

पडद्यावर ९४ होतं. "आकडा तर ठीक आहे," ते म्हणाले. ती हटली नाही. शेवटी धमनीतलं रक्त काढलं. ८५.

नंतर मी शोधून वाचलं. क्लिप बोटातून प्रकाश सोडून मोजते आणि गडद त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तो शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. क्लिप ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्यांच्या सुमारे ४ टक्के मोजमापांत सापडलं, काळ्यांच्या जवळपास १२ टक्के. म्हणजे ती अगदी बरोबर होती, फक्त ते सांगायला तिच्याजवळ हात नव्हता.

सकाळी तिने तक्रारीचा अर्ज मागवला. कारण एकच निवडायचं होतं: अपंगत्व, लिंग किंवा वंश. मला अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ आठवल्या. एकाच माणसावर अनेक बाजूंनी होणारा भेदभाव समजावताना १९८९ मध्ये त्यांनी चौकाचा दाखला दिला होता. अपघात चौकात झाला, तर धडक कुठल्या रस्त्यावरच्या गाडीने दिली हे दरवेळी सांगता येत नाही. खरं तर हे मी तिला सांगायलाच हवं होतं, पण नियम आड आला.

तिने तिन्ही चौकोन रिकामे सोडले, कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला लागली. उजव्या हाताने. क्लिप आता कानाच्या पाळीला होती. कानाला लावायची ती क्लिप रात्रभर त्याच खोलीतल्या कपाटात पडून होती.