नीरास्नान ते चंद्रभागा : वारीच्या वाटेवरचं धरणाचं पाणी

माउलींच्या सोहळ्यात चालताना जेजुरी-वाल्ह्यापर्यंत पाणी म्हणजे टँकर. पुरंदरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. वाल्ह्याहून पुढे नीरेच्या दत्त घाटावर पादुकांना स्नान होतं, आम्हीही तिथेच बुडी घेतो. पाऊस लांबला असेल तर त्या घाटावरचं पाणी वर जवळच असलेल्या वीर धरणातून आलेलं असतं. नीरेच्या खोऱ्यात भाटघर धरणाचा उपयुक्त साठा साडेतेवीस टीएमसी (अब्ज घनफूट), नीरा देवघरचा पावणेबारा, आणि या सगळ्यांच्या खाली बसलेल्या वीरचा जेमतेम साडेनऊ. हा आकडा लक्षात ठेवावा, पंढरपुरात त्याची गाठ पडते.

लोणंद सोडलं की रान बदलतं. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस या मुक्कामांच्या पट्ट्याला नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. ऊस, केळी, डाळिंब. कोरड्या पुरंदरातून चालत आलेल्या माणसाला धरणानं काय दिलं हे सांगावं लागत नाही. म्हणून धरण नको असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की धरणाच्या पाणीवाटपात शेती, पिणं आणि कारखान्यांसारखी चंद्रभागेच्या, म्हणजे पंढरपुरातल्या भीमेच्या, वाळवंटाचीही स्वतंत्र नोंद हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदीचं पात्र सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं. आणि हे पात्र उजनी आणि वीर या दोन धरणांच्या हातात आहे.

भीमेवरचं उजनी 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला 63.66 मृतसाठा, म्हणजे तळाचा, नेहमीच्या वाटपात न धरलेला. उपयुक्त साठा उरतो तो 53.57. आषाढी येते ती उन्हाळी आवर्तनं, म्हणजे कालव्यांच्या पाण्याच्या पाळ्या, संपल्यावर, तेव्हा धरण बहुतेक वर्षी ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात, असतं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं की पातळी किती उतरलीय ते आम्हाला कळतं. सांडव्याचे दरवाजे वर असतात, तिथपर्यंत पाणीच नसतं. मग नदीत सोडायचं ते खालच्या विमोचकातून, म्हणजे तळाकडच्या दारातून.

वारीच्या स्नानासाठी नदीत किती पाणी सोडावं लागतं याचा हिशोब सोपा आहे. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला 28,300 लिटर. असा विसर्ग साडेअकरा दिवस चालला की एक टीएमसी होतं. तीन हजार क्युसेकनं चार दिवस सोडलं तरी साधारण एवढंच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. चुकतं ते वेळेत. कोरड्या पात्रात आलेलं पाणी आधी वाळू पिते, मग खड्डे भरतात, मग वाटेतले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या काढता येणाऱ्या फळ्या, बसवलेलेच राहिले असतील तर विसर्ग तिथेच अडतो. एकादशीच्या आदल्या दिवशी सोडलेलं पाणी पंढरीत पोहोचतं ते गर्दी ओसरल्यावर. विसर्ग आधी आणि थोडाथोडा सोडावा, त्याच्याही आधी बर्गे काढावेत. पावसाळ्यापूर्वी ते काढायचेच असतात. राहिले तर पूर बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतो.

दुसरा धोका उलट बाजूचा. ‘उजनी मायनसमध्ये आहे, पुराची भीती नाही,’ असं दिंडीत हमखास ऐकू येतं. हे खरं नाही. नीरा भीमेला मिळते ती नीरा नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. सह्याद्रीत जोराचा पाऊस झाला, वरची धरणं भरत आली, की छोटं वीर पाणी धरून ठेवू शकत नाही, दरवाजे उघडावेच लागतात. ते पाणी उजनीला न विचारता पंढरीत येतं. दिंडीचालकांनी उजनीबरोबर वीरचा आणि संगमाचा विसर्ग रोज पाहावा.

वाळूचं दुखणं मात्र या सगळ्यांत खोल आहे. वरून वाहत येणारी वाळू धरणाच्या पाण्यात बसते, खाली येत नाही. पंढरपुरात चोरून उपसा होतो, आणि पडलेले खड्डे पूर्वीसारखे पुरानं भरत नाहीत. वारीचं पाणी आलं की ते गढूळ पाण्याखाली झाकले जातात. घोट्याएवढ्या पाण्यातून चाललेली म्हातारी पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जाते. त्यामुळे विसर्गाआधी पात्राची पाहणी, खड्डे बुजवणं, बुजवता येत नाहीत तिथे दोर आणि लाल निशाण, एवढं दरवर्षी व्हायलाच हवं. उपसा थांबवल्याशिवाय तेही पुरत नाही.

काही जण म्हणतात, पंढरपुराखाली मोठा बंधारा घालून बारमाही पाणी साठवा. मला ते पटत नाही. साचलेल्या पाण्यात शहराचं सांडपाणी मुरेल, जलपर्णी वाढेल आणि वाळवंटच बुडेल. कीर्तन, काला, फुगड्या कुठे व्हायच्या? मुक्कामाला पैलतीरावर 65 एकर आहे, पण ती तंबूंची जागा. तंबू उभारतानाही निळी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी पोहोचतं ती आखलेली हद्द, पाहावी लागते.

दिंडीत नवे असाल तर, माउली, स्नानाला घाटाच्या पायऱ्यांपाशीच उतरा, दोर ओलांडू नका, आणि पाणी अचानक गढूळ होऊन काडीकचरा वाहायला लागला की लगेच बाहेर या. वरून नवं पाणी आल्याची ती खूण असते.