केलीस ना प्रार्थना?

उपासना संपल्यावर मावशींनी गाठलंच. "माझ्यासाठी प्रार्थना केलीस ना गं? रिपोर्ट चांगला आला बघ."

तोंडातून पटकन "हो" निघून गेलं.

केली नव्हती. गेल्या रविवारी "करते हं" म्हणाले आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरलेही. त्यांनी मात्र माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवलेला. सोडेचनात.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (5:22) आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो त्या गुणांत, विश्वासूपणा सातवा येतो. मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस'. विश्वास आणि विश्वासूपणा, दोन्हींना तोच एक. मी आपली पहिल्या अर्थावरच खूश, रोज बायबल वाचते म्हणून!

आता फोन करून त्यांना खरं सांगू, की गुपचूप आजपासून प्रार्थना सुरू करू?