रेखाचित्रांच्या संगणकासाठी विंडोज की लिनक्स?

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आमचे लहानसे कार्यालय असून तेथे ओतकामाच्या पॅटर्नची (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याची) रेखाचित्रे तयार होतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या जुन्या संगणकात नाही, त्यामुळे लिनक्सचा विचार मी मनापासून केला.

अडचण प्रणालीची नाही, फाईलची आहे. आम्ही रेखाचित्रांसाठी वापरतो ते ऑटोकॅड संगणकावर बसवायचे तर केवळ विंडोज आणि मॅकसाठी मिळते. त्यातही व्हीबीए या भाषेत लिहिलेले आमचे मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) मॅकवर चालत नाहीत. लिब्रेकॅड हे रेखाचित्रांचे मोफत सॉफ्टवेअर लिनक्सवर उत्तम चालते, परंतु ते ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी स्वरूपात जतन करत नाही, आणि शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना नेमकी तीच फाईल हवी असते. एका बेअरिंग हाउसिंगचे रेखाचित्र डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात करून मी लिब्रेकॅडमध्ये उघडले, तेव्हा फॉन्ट बदलल्यामुळे व्यासाच्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह आले होते आणि एक माप रेषेवरून सरकले होते. बिडाचे ओतीव गार होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो. अशा कामात चुकीचे वाचलेले एक माप म्हणजे अख्खा लॉट भंगारात, ही जोखीम मला मान्य नाही.

ब्रिक्सकॅड लिनक्सवर चालते आणि डीडब्ल्यूजी थेट हाताळते, हा पर्याय मला खरोखर आवडला. मात्र आमचे सर्व मॅक्रो नव्याने तपासायला हंगामात सवड नाही. त्यामुळे विंडोज ११ चा एक नवा संगणक घेतला असून जुन्यावर लिनक्स आणि फ्रीकॅड बसवले आहे. शिकाऊ मुले त्यावर त्रिमितीय पॅटर्नचा सराव करतात.