टाकी एक, तापमाने दोन

उपकरण-दुरुस्तीच्या कामात सेन्सर बिघडल्याच्या तक्रारी वरचेवर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतात. त्यामुळे गरम पाण्याच्या टाकीवरचा कंट्रोलर ८५ अंश सेल्सिअस दाखवत असला तरी टेंपरेचर गननुसार टाकी जेमतेम ४१ अंशांवर आहे, ही रात्रपाळीची नोंद वाचून मला नवल वाटले नाही. नवा सेन्सर मिळेपर्यंत कंट्रोलरमध्ये उणे ४४ अंशांची दुरुस्ती घालून काम चालवावे, अशी सूचनाही त्या नोंदीखाली होती. मी टाकीपाशी जाऊन गन रोखली, ४१ हा आकडा स्वतः पाहिला आणि कंट्रोलरचा मेनू उघडला.

बटण दाबण्यापूर्वी सहज म्हणून गन पुन्हा रोखत मी टाकीच्या अगदी समोर सरकलो, तर आकडा ४३ झाला. बाजूला झालो, तर पुन्हा ४१. पाण्याचे तापमान माझ्या येण्याजाण्यावर अवलंबून असण्याचे काही कारण नव्हते. टाकी मात्र चकचकीत पॉलिश केलेल्या स्टीलची होती, आणि तिच्या पृष्ठभागावर माझे अंधुक प्रतिबिंब हलत होते. गनलाही तेच दिसत होते.

गन तापमान मोजत नाही. समोरच्या पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त प्रारण मोजते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडते. आमच्या गनमध्ये उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग त्या तापमानाला शक्य असलेल्या कमाल प्रारणापैकी किती हिस्सा स्वतः सोडतो तो आकडा, ०.९५ गृहीत धरलेली होती, जी रंगवलेल्या पृष्ठभागांना बहुधा लागू पडते. पॉलिश केलेल्या स्टीलची उत्सर्जकता याच्या पाव हिस्साही नसते. म्हणजे टाकीकडून गनपर्यंत येणाऱ्या प्रारणात टाकीचे स्वतःचे थोडे आणि ३० अंशांवरच्या भिंतींचे परावर्तित झालेले पुष्कळ होते. टाकीपासून चार बोटांवर हात धरला तरी धग जाणवली नाही, याचेही कारण तेच. झाकणाच्या फटीवर हात नेला तेव्हा मात्र वर चढणाऱ्या गरम, दमट हवेने तो तत्काळ मागे घ्यावा लागला. तेथे उष्णता अभिसरणाने येत होती, आणि अभिसरणाला पृष्ठभागाच्या चकाकीशी देणेघेणे नसते.

टाकीवर काळी चिकटपट्टी लावली, ती तापेपर्यंत दोन मिनिटे थांबलो आणि गनच्या नजरेत पट्टीखेरीज काही येणार नाही इतक्या जवळून वाचन घेतले. ८२ अंश. पट्टीच्या शेजारी, त्याच पत्र्यावर, ४१. पत्र्यातून पट्टीत उष्णता वहनाने गेली होती. पट्टी पत्र्याइतकीच गरम झाली होती आणि ती गरमी लपवत नव्हती, एवढाच फरक. जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाच्या काळ्या आणि चकचकीत बाजूंतून निघणारी उष्णता ताडून पाहिली होती. शाळेत हा प्रयोग मी पाठ केला होता. तो माझ्याच विभागात टाकीच्या आकाराचा होऊन उभा आहे, हे ओळखायला मात्र मला वेळ लागला.

एवढ्यावर सेन्सरला निर्दोष ठरवणे घाईचे झाले असते. तो पीटी-१०० जातीचा होता, म्हणजे शून्य अंशाला त्याचा विद्युतरोध १०० ओहम असतो. तारा सोडवून मोजल्यावर १३२.८ ओहम मिळाले, आणि कोष्टकात त्यासमोर ८५ अंश आहेत. नंतर बर्फ-पाण्यात बुडवल्यावर तो १०० ओहमांवर येऊन स्थिरावला. सेन्सर ठणठणीत होता.

खरी धास्ती मला नंतर वाटली. ती दुरुस्ती घातली असती, तर ८५ अंशांच्या पाण्याला कंट्रोलर ४१ अंशांचे समजला असता, आणि त्याच्या लेखी ८५ अंश होण्यासाठी पाणी प्रत्यक्षात १२९ अंशांवर जावे लागले असते. उघड्या टाकीतले पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते आणि सगळे आटेपर्यंत त्यापुढे जात नाही. म्हणजे हीटर बंद होण्याची वेळच आली नसती. शिवाय ४१ अंशांवर विसंबून कोणी टाकीला हात लावला असता, तर कमी उत्सर्जकतेने त्याला वाचवले नसते. स्पर्शात उष्णता थेट वहनाने येते.

रात्रपाळीला दोष देण्याची माझी तयारी नव्हती, कारण मीही मेनू उघडलाच होता. नोंदवहीतील ‘सेन्सर सदोष’ हा शेरा खोडून मी त्याखाली सही केली, आणि दुपारपर्यंत चकचकीत टाक्यांवर तळहाताएवढा मॅट काळ्या रंगाचा चौकोन काढून घेतला. गन आता तेथेच रोखायची असते.