ऑइल सील, पाइपचा तुकडा आणि स्पेशल टूलचा आग्रह

इथे परदेशात राहायला आल्यापासून एक वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत: "त्याला स्पेशल टूल लागतं." क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, पुढच्या सीलमधून तेल पाझरतंय म्हणून गॅरेजात विचारलं, तर हेच उत्तर मिळालं. वर मजुरी अशी सांगितली की त्यापुढे सीलची किंमत विसरूनच जावी. सील म्हणजे काय, तर पत्र्याच्या कड्यावर चढवलेलं रबर आणि शाफ्टला टेकणाऱ्या ओठामागे एक नाजूक स्प्रिंग. मी ते घरी बसवलं, आणि ते गळत नाही.

ते टूल नेमकं काय करतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ते सीलच्या बाहेरच्या कड्यावर सगळीकडून सारखा दाब देतं. बस्स. हे काम सरळ कापलेला पाइपचा तुकडाही करतो, फक्त माप जुळायला हवं. सीलवर ३५-५०-८ असं छापलेलं असेल, तर शाफ्ट ३५ मिलिमीटर, सील ज्यात बसतं ते भोक ५०, सीलची जाडी ८. म्हणजे पाइप बाहेरून पन्नासला जरासा कमी हवा आणि आतून शाफ्टला मोकळा. सॉकेटही चालतं, पण शाफ्टचं टोक लांब असेल तर आत मावत नाही. पाइप आणि नव्या सीलच्या मध्ये जुनं सील पालथं ठेवलं की नव्याला मार लागत नाही.

आपल्याकडचे मेकॅनिक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. त्याला इथे कुणी जुगाड म्हणून नाक मुरडलं की मला खरंच राग येतो. दाब कुठे द्यायचा हे ज्याला कळतं, त्याच्या हातातला पाइप हेही टूलच.

मात्र एक मान्य करतो. इथे गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल सामान्य माणसालाही मिळतं, आणि सील किती खोल बसवायचं ते त्यात लिहिलेलं असतं. नसलं तर जुनं सील काढण्याआधीच पट्टीने खोली मोजून ठेवावी.

खरी जोखीम काढतानाच असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना शाफ्टवर ओरखडा पडला, तर नवं सीलही गळणार. मी सीलच्या पत्र्यात बारीक भोक पाडलं, त्यात छोटा स्क्रू फिरवला आणि पक्कडीने ओढलं. ड्रिल जरा जास्त आत गेलं तर संपलंच, म्हणून टोकाला टेप गुंडाळून खोली आखून घेतली होती. मग शाफ्टवरून नख फिरवून पाहिलं. जुन्या ओठाने चरा पाडला असेल, तर नवं सील किंचित पुढेमागे बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात.

बसवताना शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर (पुली घसरू नये म्हणून जिथे लोखंडी पट्टी बसते तिथे) टेप लावा, नाहीतर ओठ तिथेच कापला जातो. ओठाला इंजिन ऑइल, आणि स्प्रिंग ठोक्याने उडू नये म्हणून मागच्या खोबणीत थोडं ग्रीस. पण सील टेफ्लॉनचं असेल तर तेल अजिबात नको, ते कोरडंच बसवतात. मग हळूहळू, समोरासमोर ठोके. सील पूर्ण बसलं की हातोडीचा आवाज बदलतो, भरीव येतो. तिथे थांबायचं. जिथे सीलला मागे टेकायला कडा नाही, तिथे आवाजावर विसंबू नका, मोजलेल्या खोलीवर थांबा.

क्रँकच्या टोकावरच्या पुलीचा बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा, आणि मॅन्युअल नवा सांगत असेल तर नवाच घ्या. तिथे मीही हट्ट करत नाही. टायमिंग बेल्ट (क्रँकशी व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) काढावा लागत असेल तर त्याच्या खुणा जुळवणं हे स्वतंत्र काम आहे. तेलात भिजलेला बेल्ट परत लावू नका.

पैसे वाचवायला केलं असं काहींना वाटतं. तसं नाही. वाचले हे खरं, पण आपल्या गाडीत काय चाललंय ते आपल्याला कळायला नको का? गळतीचं कारण नेहमी सीलच नसतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारे वायू बाहेर सोडणारी झडप) तुंबला तर क्रँककेसमधला, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीतला, दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडतं. तो व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय सील बदललं, तर पुन्हा तेच. माझ्या गॅरेजवाल्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

मागच्या क्रँक सीलला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम माझ्याकडून तूर्त होणार नाही. घरी लिफ्ट नाही.