चढ सुरू होतो तिथलं गाव

डेन्व्हरहून सकाळी निघालो तेव्हा शायेनला, म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या राजधानीला, पोहोचायला दोन तास धरले होते, तेवढेही लागले नाहीत. डावीकडे रॉकी पर्वताची निळी रांग, उजवीकडे नजर पोहोचेल तिथवर गवताचा माळ. वारा इतका की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. नदी म्हणावी तर क्रो क्रीक नावाचा लहानसा ओढा, झाडंही तुरळक. मनात सारखं येत होतं, इथं गाव वसवावं असं कुणाला का वाटलं असेल? त्याचं उत्तर शोधायलाच मी आलो होतो.

नकाशा उघडला आणि अर्धं उत्तर तिथेच दिसलं. शायेनच्या बाहेरच्या वस्त्यांचे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आखलेले आहेत. मधलं जुनं गाव मात्र तिरकं आहे. कारण रेल्वेचे रूळ तिरके जातात. आधी रुळांची रेघ ओढली, तिला समांतर रस्ते काढले आणि मग माणसं राहायला आली.

ही रेघ ज्याने ओढली तो ग्रेनव्हिल डॉज. अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनानी आणि पुढे युनियन पॅसिफिक रेल्वेचा, म्हणजे देशाच्या आरपार जाणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गाचे रूळ पूर्वेकडून टाकत येणाऱ्या कंपनीचा, मुख्य अभियंता. ४ जुलै १८६७ च्या सुमारास त्याच्या तुकडीने क्रो क्रीकच्या काठी तळ दिला आणि गावाची आखणी केली. तेव्हा रूळ पूर्वेला कितीतरी दूर होते. तरी प्लॉट विकले जाऊ लागले, तंबू पडले, फळ्यांची दुकानं उभी राहिली. सप्टेंबरमध्ये गावाचं स्वतःचं वर्तमानपत्रही निघालं. पहिली गाडी यायच्या आधी वर्तमानपत्र! रूळ पोहोचले १३ नोव्हेंबरला. तोवर चारेक हजार माणसं जमली होती, आणि ‘माळरानावरची जादूनगरी’ हे नाव पडलं होतं.

घाई कशाची, तर पैशाची. १८६२ साली लिंकनच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची सरकारी जमीन एकाआड एक चौकोनांत फुकट मिळत होती. १८६४ मध्ये ती दुप्पट झाली. ओसाड माळाला किंमत यायची ती गाव झालं की. म्हणजे कंपनी रूळ टाकत होती आणि गावंही तीच वसवत होती.

जुनी डेपोची इमारत, म्हणजे पूर्वीचं स्टेशन, १८८७ मध्ये पूर्ण झाली. लालसर आणि करड्या वालुकाश्माचे दगड, जाड कमानी, वर घड्याळाचा मनोरा. आता प्रवासी गाडी इथे थांबत नाही. आत संग्रहालय आहे. मी दारातल्या कमानीच्या दगडावरून हात फिरवला. खरखरीत, उन्हाने तापलेला. समोर कॅपिटॉल ॲव्हेन्यू सरळ जातो आणि त्याच्या टोकाला राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट दिसतो. एका टोकाला रेल्वे, दुसऱ्या टोकाला सरकार. रस्त्याच्या मधोमध उभं राहून मी दोन्हीकडे पाहिलं. या गावात आधी कोण आलं हे विचारायची गरज पडली नाही.

संग्रहालयात मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो रुळांबरोबर सरकणाऱ्या गावांपाशी. रूळ जिथे संपत तिथे गाव. रूळ पुढे गेले की गावही पुढे. १८६७ च्या उन्हाळ्यात शायेनच्या पूर्वेचं ज्यूल्सबर्ग असंच गजबजलं होतं. शायेनला रूळ आले तेव्हा तिथले तंबू, घरांच्या सुट्या केलेल्या भिंती, खुर्च्या, पिंपं असं सगळं गाडीवर लादून आलं, आणि गार्डने उतरून ‘घ्या, हे आलं ज्यूल्सबर्ग’ अशी आरोळी ठोकली, अशी हकिकत सांगतात. पुढे १८६८ मध्ये पश्चिमेला बेंटन नावाचं गाव उभं राहिलं आणि जेमतेम तीन महिन्यांत पुसलं गेलं.

मग शायेन का टिकलं? तेही रिकामं झालंच होतं. १८६८ च्या वसंतात रूळ पुढे सरकले, गर्दी लॅरमीकडे निघून गेली आणि १८७० च्या जनगणनेत भरली १,४५० माणसं. पण तेवढी उरली, आणि ती का उरली हे जमिनीत लिहिलेलं आहे.

शायेनपासून पश्चिमेला चढ लागतो. पन्नासेक किलोमीटरमध्ये रेल्वे सुमारे २,२०० फूट वर जाते. पर्वताची ही बाजू जवळपास सगळीकडे कड्यासारखी तुटलेली आहे. फक्त एका ठिकाणी माळाची एक अरुंद जीभ थेट ग्रॅनाइटपर्यंत टेकलेली आहे. ही वाट डॉजला १८६५ मध्ये सापडली, आणि तीही हल्ल्यातून निसटताना एका सोंडेवरून खाली उतरत असताना, असं तो पुढे सांगत असे. वाफेच्या इंजिनाला अशा चढाच्या पायथ्याशी थांबावंच लागतं: पाणी, कोळसा, दुरुस्ती, वर ढकलायला जादा इंजिन. कसाऱ्याला गाडीला बँकर, म्हणजे असंच ढकलणारं जादा इंजिन, लागताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको. कारखाना आला, शेड आली, कायम पगाराची माणसं आली. शेजारी लष्कराचा तळ होता. १८६९ मध्ये शायेन वायोमिंग प्रदेशाची राजधानी झालं आणि त्याच डिसेंबरात तिथल्या विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला. १८७० मध्ये डेन्व्हरचा फाटा इथे जोडला गेला. १८९० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,६९० झाली.

एक गोष्ट मात्र मला दिवसभर सलत राहिली. गावाला नाव दिलं शायेन या मूलनिवासी जमातीचं, आणि त्याच वर्षांत त्यांच्याच शिकारीच्या मुलखातून ही रेघ जात होती. लष्कराचा तळ होता तो रेल्वेच्या रक्षणासाठी. ज्यांना हटवायचं त्यांचंच नाव स्टेशनच्या पाटीवर.

दुपारी त्याच चढाने वर गेलो. महामार्ग सोडून मातीचा रस्ता धरला की एमस स्मारक दिसतं. गुलाबी ग्रॅनाइटचा साठ फूट उंच पिरॅमिड, १८८२ चा, या रेल्वेला पैसा उभारून देणाऱ्या एमस बंधूंच्या नावाने. वर दोघांचे चेहरे कोरलेले आहेत, त्यांची नाकं कुणीतरी उडवलेली. इथेच पहिल्या मार्गाचं सर्वोच्च ठिकाण होतं, ८,२४७ फुटांवर, आणि इथे शर्मन नावाचं गावही होतं. उतरणीला लागण्यापूर्वी गाड्या इथे थांबत, तपासल्या जात. इंजिन फिरवायला टर्नटेबल होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्ग थोडा दक्षिणेला हलवला आणि शर्मन संपलं.

जिथे रूळ असतील असं वाटलं तिथून मी चालत गेलो. जमिनीची एक सपाट पट्टी, दोन्ही बाजूंना किंचित उतरती. गवतात कोळशाची काळी खडी अजून बुटाखाली करकरत होती. एक खडा उचलून पाहिला. हलका, भोकाभोकांचा, इंजिनातून पडलेली राख घट्ट झालेली. गावाचं म्हणून तेवढंच हाती लागलं.

अंधार पडायच्या आत शायेनला परतलो. डेपोमागच्या यार्डात मालगाडी उभी होती, कंटेनरवर कंटेनर रचलेली, शेपूट दिसेना इतकी लांब. पुढच्या इंजिनांचा आवाज वाढला, जोडण्यांचा खडखडाट पुढून मागे माझ्यासमोरून धावत गेला आणि गाडी हलली, पश्चिमेकडे, चढाच्या दिशेने. शेवटचा डबा जाईपर्यंत मी कुंपणाशी उभा होतो.